दुपारनंतरचा दवाखाना

कंडक्टरबाईंचा आवाज असा होता, की मागच्या बाकावर पेंगणारा प्रवासीही ‘पुढे सरका’ ऐकल्यावर झोपेतच जरा सरकून घ्यायचा. उभी नोकरी त्यांनी त्या आवाजावर काढली. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. भिंतींना किती वेळ पुढे सरकवणार? शेवटी गल्लीतल्या बायकांनी त्यांना आरोग्य केंद्राच्या समितीवर उभं केलं, निवडून आणलं आणि अध्यक्षपणही गळ्यात घातलं.

तेव्हा त्या पदाला कोणी विचारत नव्हतं. समितीने अधूनमधून बसायचं, चहा प्यायचा, मुख्यालयाकडे मागणी पाठवायची आणि मुख्यालयातून जे येईल ते मुकाट्याने उतरवून घ्यायचं. काय येईल याचा मात्र नेम नसे. केंद्रातल्या मोठ्या सिस्टरनी हातमोजे मागितले, तेव्हा हात कसे धुवावेत हे सांगणारी रंगीत चित्रं आली. बाळंतपणाच्या खोलीतला नळ बंद आहे असं कळवून कळवून डॉक्टरीणबाई थकल्या, तेव्हा चाकांची खुर्ची आली. केंद्राच्या दाराला उंच पायऱ्या होत्या, त्यामुळे त्या खुर्चीवर मोठ्या सिस्टर धुतलेल्या चादरी ठेवायच्या.

मग वरचं धोरण बदललं. केंद्राचा वर्षाचा पैसा यापुढे थेट गावच्या समितीकडे येणार, असा निरोप आला. काय घ्यायचं, कोणाला नेमायचं ते समितीने ठरवायचं, गावसभेत मंजूर करून घ्यायचं आणि वर्षाअखेरी गावापुढेच हिशेब मांडायचा.

त्या दिवशी कंडक्टरबाईंच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. कालपर्यंत रस्त्यात दिसल्या तर दुकानाच्या पाट्या वाचायला लागणारी माणसं आज त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करत होती. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून बसलेले यजमान मान वर न करता म्हणाले, “अगं, गर्दी फार झालीय. दोरी ओढ आणि गाडी सोड.”

बाईंनी खरंच गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्लंबरला घेऊन केंद्रावर हजर झाल्या. हा प्लंबर केंद्राच्या मागच्याच गल्लीत राहायचा. इतकी वर्षं तो तिथेच होता आणि नळही तिथेच होता, पण दोघांची गाठ घालून द्यायचा अधिकार कोणाला नव्हता. दुपारच्या आत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

“एवढंच होतं?” त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “एवढ्यासाठी मी किती बायकांना बादलीच्या पाण्यावर बाळंत केलं हो.”

त्याच आठवड्यात पायऱ्यांच्या बाजूने उतार झाला, खुर्चीवरच्या चादरी कपाटात गेल्या आणि हातमोज्यांची खोकी आली. गावात बोलबाला झाला. बाईंची चालच बदलली. रिकाम्या रस्त्यातही त्या गर्दीतून वाट काढल्यासारख्या कोपर पुढे करून चालायला लागल्या.

पण हा सगळा किरकोळ खर्च होता. मोठा पैसा अजून तसाच होता आणि त्याच्याकडे बऱ्याच जणांचे डोळे लागले होते. सगळ्यात आधी आले ते बाईंचे धाकटे दीर. ते बांधकामाचे ठेके घ्यायचे. काखेत नकाशाची गुंडाळी होती. जेवणाची ताटं बाजूला सारून त्यांनी ती पसरली.

“बघा वहिनी. पुढून सगळी काच. हे खांब. आत नव्या खाटांची खोली. आणि इथे, दारावर, संगमरवरी पाटी. तुमचं नाव.”

“खाटा छान आहेत, भावजी. त्यांच्यावर झोपणाऱ्यांकडे बघायचं कोणी?”

“ते होईल हो मागाहून. आधी काहीतरी उभं तर दिसू द्या. लोक काय बघतात? जे दिसतं ते.”

“आणि बांधणार कोण?”

दीर ओशाळं हसले. “घरचंच काम आहे. बाहेरच्याने वाळूत माती घालण्यापेक्षा घरचा माणूस बरा, नाही का?”

बाईंना एकदम ‘नाही’ म्हणवेना. हा माणूस काही लबाड नव्हता. त्यांची पहाटेची पाळी असायची तेव्हा पोरींच्या वेण्या घालून, डबे भरून त्यांना शाळेत सोडणारा हाच. वेण्या तिरक्या असायच्या, पण घातलेल्या असायच्या. नकाशाही खरंच देखणा होता. बाई म्हणाल्या, “मला जरा विचार करू द्या.”

बाईंना बसून विचार करता येत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी शहराकडे जाणारी सकाळची पहिली बस पकडली. आयुष्यभर त्या गाडीत त्यांनी तिकिटं फाडली होती, पण माणसं कशाला चाललीत हे विचारायला कधी फुरसत मिळाली नव्हती. नव्या कंडक्टरने पुढची जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. दांडीला धरून त्या मागपासून पुढपर्यंत विचारत गेल्या. “काय, कुठे निघालात?”

“दवाखान्यात,” पायाला फडकं गुंडाळलेला एक गिरणी कामगार म्हणाला. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाला जखम झाली होती.

“तिथे काय करतात?”

“पट्टी बदलतात.”

“पट्टी? ती तर आपल्या केंद्रातही बदलतात, आणि फुकट.”

“बदलतात की. पण ते दुपारी बंद होतं. माझी पाळी सुटते त्यानंतर. दिवसाची मजुरी बुडवून सकाळी गेलो तरी रांगेत नंबर लागेलच असं नाही, म्हणून शहर गाठतोय, काय करणार?”

त्याच्या पलीकडे एक पोटुशी बाई होती. ती म्हणाली, “काल सकाळी गेले होते मी केंद्रात. सिस्टर एकट्या, आणि रांग पार रस्त्यापर्यंत. माझी वेळ येईपर्यंत दार लागलं.” तिच्या मागे एक म्हातारा सुनेबरोबर इंजेक्शनला निघाला होता. त्याच्या मागे छातीचे ठोके तपासायला एक मास्तर. निम्मी गाडी अशीच. बाई शहरात उतरल्या, स्टँडवर चहा प्यायल्या आणि त्याच गाडीने परत आल्या.

केंद्राचं दार लागायच्या बेतात होतं. मोठ्या सिस्टर लस देण्यासाठी टेकडीवरच्या वस्त्यांकडे निघाल्या होत्या. त्या गेल्या की डॉक्टरीणबाईंच्या मदतीला कोणी उरत नसे, म्हणून दार बंद. रुग्णवाहिकाही दारात नुसती उभी असायची. चालक निवृत्त झाल्यापासून तिच्या टपावर कबुतरांनी संसार थाटला होता.

“डॉक्टर, इमारत लहान पडतेय का तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“सकाळी लहान पडते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुपारनंतर एवढी मोठी होते की माझ्याच पावलांचा आवाज येतो. मला दोन सिस्टर आणि एक चालक द्या. मी हे दार संध्याकाळी अंधार पडला तरी उघडं ठेवून दाखवते.”

गावसभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. दिरांनी नकाशा फळ्यावर लावला होता आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून ‘वा वा’ करत होते. बाईंकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या उठल्या, बसमध्ये कोण कोण भेटलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, “मला यातला मोठा वाटा पगारावर घालायचाय.”

खोलीत कुजबुज झाली. पगार हा शब्द लोकांना आवडला नाही. तो कोणाच्यातरी खिशात जातो.

“इमारत बांधली की पन्नास वर्षं उभी राहते,” दीर म्हणाले. “पगार महिन्याला जिरतो. मागे काय राहतं?”

तेवढ्यात मागून तो गिरणी कामगार बाकाला धरून उठला. “इमारत उभी राहते हो, पण मी राहत नाही ना उभा! हा पाय बघा.” आणि त्याने पाय खरंच वर केला. लोक हसले, पण पाय बघितल्यावर हसू आवरतं घेतलं.

खरा खोडा घातला तो हिशेबनीस आजोबांनी. जन्मभर गिरणीचे जमाखर्च लिहिलेला, शांत डोक्याचा माणूस. ते म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण पुढच्या वर्षी पैसा कमी आला तर नेमलेल्या माणसांना काय सांगणार?”

बाई म्हणाल्या, “आला कमी, तर याच खोलीत बसू आणि कशाला कात्री लावायची ते ठरवू. तुम्ही ओरडाल, मीही ओरडेन. पण आजोबा, आजपर्यंत कात्री कोण लावत होतं ते तरी आपल्याला कळत होतं का? पुढच्या वर्षाच्या भीतीने या वर्षी दार बंद ठेवायला माझं मन घेत नाही.”

हात वर झाले. नकाशाच्या बाजूनेही बरेच झाले, पण पगाराच्या बाजूने जास्त झाले. दिरांनी फळ्यावरून नकाशा काढला, नीट गुंडाळला आणि वहिनीकडे न बघता निघून गेले. त्यानंतर त्यांचं येणंजाणं बंद झालं. घरात दोन ताटं कमी झाल्यासारखी शांतता पसरली.

“अहो, काहीतरी बोला ना,” बाई एकदा नवऱ्याला म्हणाल्या.

“काय बोलू? भावाच्या बाजूने बोलू की बायकोच्या?”

“कोणाच्याच नको. तुम्ही आपलं घड्याळच बघा.”

यजमानांनी घड्याळच बघितलं. पण त्या रात्रीचा चहा त्यांनी स्वतः केला, आणि बाईंनी त्यातच काय ते समजून घेतलं.

सिस्टरच्या जागांसाठी अर्ज मागवले, आणि एका सकाळी बाईंच्या दारात पुतणी उभी राहिली. दिरांची थोरली मुलगी. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ती सिस्टर होती.

“काकू, मी अर्ज केलाय.”

“बाबांना विचारलंस?”

“नाही. आणि तुम्हालाही विचारत नाहीये. सांगतेय.”

बाईंना तिचा अभिमान वाटला, पण पंचाईतही झाली. पोरगी त्यांच्या मांडीवर वाढलेली. तिला घेतलं तर लोक म्हणणार, ठेका नाही दिला म्हणून नोकरी दिली. नाही घेतलं तर पोरीवर अन्याय. मुख्यालय माणसं नेमायचं तेव्हा हा घोर कोणाला नव्हता. तिथे बसलेल्या साहेबाची पुतणी इथे अर्ज करायला येत नसे.

त्यांनी निवड डॉक्टरीणबाईंवर आणि शेजारच्या गावच्या रुग्णालयातल्या एका वयस्क मेट्रनवर सोपवली. परीक्षा शाळेच्या खोलीत, सगळ्यांसमोर. ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. स्वतः मात्र बाई समितीचं काम दुसऱ्या सदस्याकडे देऊन घरी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी यजमानांची घड्याळं पुसून दिली. एका घड्याळाचा काटा मोडला, तेव्हा यजमानांनी हात जोडून त्यांना आत पाठवलं.

निकाल आला. पुतणी पहिली. दुसरी आली ती टेकडीवरच्या वस्तीतली, नवरा वारल्यावर शिकून सिस्टर झालेली एक अबोल बाई. चालक म्हणून टेम्पो चालवणारा एक गडी घेतला.

संध्याकाळी औषधाच्या दुकानाचा मालक चारसहा जणांना घेऊन ओट्यावर आला. “बाई, पहिली कशी काय घरातलीच निघाली?”

“तुम्ही होतात ना तिथे बघायला?”

“होतो. काम चांगलं केलं तिने, ते नाकारत नाही. पण दिसतं कसं? लोक नावं ठेवणार.”

हिशेबनीस आजोबाही बरोबर होते. त्यांनी हलक्या आवाजात समजावलं, “तिसरीला घ्या, बाई. ती पण वाईट नाही. वाद मिटेल.” आणि आतून पुतणीच बाहेर आली. चेहरा उतरलेला. “काकू, मी नाव मागे घेते. तुमच्यावर बट्टा नको.”

“तू गप्प बस,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि त्यांचा तो जुना आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “ऐका सगळे. ही माझी पुतणी आहे म्हणून मी हिला गाडीत चढवणार नव्हते. आता पुतणी आहे म्हणून उतरवणारही नाही. तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर तुम्हाला पहिली आलेली सिस्टर हवी की तिसरी? वाद माझा मिटायचा आणि सुई तुम्हाला टोचायची, हा कुठला न्याय? ती कामावर येईल. दार उघडं आहे, रोज येऊन बघा. काम वाईट दिसलं तर सभा बोलवा, तिच्याआधी मी उतरेन.”

औषधवाला नाक मुरडत गेला. पण गेला.

दुपारचा दवाखाना सुरू झाला. पहिले काही दिवस लोक बिचकत यायचे, दाराशी उभे राहून ‘चालू आहे का खरंच’ विचारायचे. गिरणी सुटली की कामगार थेट पट्टी बदलायला यायचे. वस्तीवरून आलेल्या सिस्टरला तिकडच्या बायका नावाने ओळखत होत्या. त्या आता तपासणीला आपणहून उतरू लागल्या. चालकाने कबुतरांची समजूत काढली आणि गाडी धुऊनपुसून चकाचक केली.

आणि एका दुपारी टपालवाला आला. आला म्हणजे त्याला आणलं. गिरणीच्या मागे पत्रं टाकताना त्याच्यावर मधमाश्या उठल्या होत्या. दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ सुजलेले, अंगावर लाल चट्टे, आणि श्वास शिटी वाजल्यासारखा. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

बाई तेव्हा केंद्रातच होत्या. त्यांनी पाहिलं ते असं: पुतणीने त्याला एकदा बघितलं, “डॉक्टर!” अशी हाक मारली आणि हाक संपायच्या आत कपाटातून इंजेक्शन घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मांडीत सुई गेली. दुसऱ्या सिस्टरने पाय उंच केले, नाकाला प्राणवायूची नळी लावली. कोणी ओरडलं नाही, कोणी धावलं नाही, आणि तरी सगळं झालं. बाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

हळूहळू ती शिटी थांबली. टपालवाल्याने डोळे किलकिले केले. घोगऱ्या आवाजात त्याचा पहिला शब्द निघाला, “पिशवी?”

“आहे हो तुमची पिशवी,” पुतणी म्हणाली. “पत्रं पळून जात नाहीत. पडून राहा.”

त्याला रुग्णवाहिकेतून शहरात देखरेखीसाठी नेलं. गाडी गेल्यावर डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “हा माणूस शहरापर्यंत पोचला नसता. रस्त्यातच घसा बंद झाला असता.” या वेळेला आधी दाराला कुलूप असायचं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

बातमी गावभर झाली. संध्याकाळी दीर केंद्रात आले. बऱ्याच दिवसांनी वहिनीसमोर उभे राहिले, पण नजर मुलीला शोधत होती. मुलगी एका पोराच्या कोपराला औषध लावत होती. “बाबा, चप्पल बाहेर. आणि तिथे बसा, माझं झालं नाही अजून.”

गावातले मोठे ठेकेदार चप्पल काढून खोकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसले. बराच वेळ बसले. मग वर बघून म्हणाले, “वहिनी, छत गळणार तुमचं यंदा. तो कोपरा बघा, ओल धरलीय.”

“मग काय लागेल ते लिहून द्या. सभेपुढे ठेवते. पण दुसऱ्या कोणाचा दर कमी निघाला तर काम त्याला जाईल.”

“जाईल हो,” दीर म्हणाले आणि मोकळं हसले. “तुमच्या गाडीत मला कधी फुकट बसता आलंय?” त्या रात्री ते जेवायला थांबले. छताचं काम पुढे दुसऱ्यालाच मिळालं, तेव्हा दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी ते काम नीट होतंय का ते बघायला स्वतःच शिडीवर चढले.

वर्षाअखेरीची सभा आली. या वेळी खोली पुरेना, लोक खिडक्यांत बसले. बाईंनी सगळा खर्च मोठ्याने वाचून दाखवला. हिशेबनीस आजोबांनी एक चूक काढलीच. कापूस गरजेपेक्षा फार मागवला होता, कपाटं भरून पडला होता.

“चुकलंच,” बाई म्हणाल्या. “अंदाज आला नाही.”

औषधवाल्याने पुतणीचा विषय पुन्हा काढला. त्याला टपालवाल्याने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग नव्या वर्षाचं काय करायचं यावर जुंपली. बाईंचं मन टेकडीवरच्या वस्त्यांसाठी दुसरी गाडी घ्यावी असं होतं. त्यांनी ते चांगलं ठासून मांडलं. पण मागून एक ठसक्याची बाई उठली. “गाडी एक आहे, ती पुरतेय. दातांचं काय? आख्ख्या गावाचे दात किडलेत. दात काढायला शहरात जावं लागतं. दातांची खुर्ची घ्या, आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बोलवा!” तिला टाळ्या पडल्या. कोणी डोळ्यांचं काढलं, कोणी एक्स-रेचं. गिरणी कामगार एका बाजूला, वस्तीवाले दुसऱ्या बाजूला, आणि दोन सख्ख्या जावा एकमेकींशी भांडताना प्रथमच स्वयंपाकघर सोडून दातांवर बोलत होत्या. एवढा गलका बाईंनी स्टँडवरही ऐकला नव्हता. वर्षापूर्वी हीच माणसं मुख्यालयातून काय येतं याची वाट बघत चहा पीत बसायची.

“पुढे सरका, पुढे सरका, खिडकीतल्यांचेही हात दिसू द्या,” बाई ओरडल्या. “गाडीच्या बाजूने कोण?”

हात वर झाले. स्वतःचाही त्यांनी ताठ वर केला.

“दातांच्या बाजूने?”

हातांचं रान उठलं. मोजायची गरजच नव्हती. बाई हरल्या होत्या, आणि त्यांना मनातून राग आला, अगदी चांगला राग आला. उद्यापासून दातांची खुर्ची कुठे मिळते, कोणाची चांगली, याच्या मागे आपल्यालाच लागायचंय हेही त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात सुरू झालं. त्यांनी पुन्हा एकदा हातांवरून नजर फिरवली आणि ती पहिल्या रांगेत अडकली. तिथे त्यांचे यजमान बसले होते. एक हात गालावर दाबून धरलेला, दुसरा सरळ वर.

“अहो! तुम्ही?”

“काय करू गं,” यजमान भर सभेत म्हणाले. “दाढ ठणकतेय.”